लक्ष्मीबाई नगरात गोल आधी कळतो

मार्चचा तिसरा रविवार. डब्यात चार हजार दोनशे रुपये, सगळ्या शंभराच्या नोटा. हजर: मी, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात राहणारा माझा मित्र, ज्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही जमलो होतो, त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मुनिरक्याहून माझ्या स्कूटरवर मागे बसून आलेले चाचा. माझी बायको आली नव्हती. “त्या डब्यावरून एक दिवस तुमची भांडणं होणार, त्या दिवशी मला तिथे बसायचं नाही,” असं ती फुटबॉलच्या हंगामाच्या सुरुवातीलाच म्हणाली होती.

पैसे मी मोजले. नेहमी मीच मोजतो. मित्र मोजताना बोलतो आणि चाचांना मोजायचा कंटाळा येतो. मोजून झाल्यावर डबा मी टीव्हीशेजारी ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

“पोलीस पण बोलवायचे का?” मित्राने विचारलं.

मला त्याचा संशय होता, आणि मला संशय आहे हे त्याला माहीत होतं.

आम्ही तिघे कोल्हापूरचे. मी आणि मित्र दोन वेगवेगळ्या मंत्रालयांत आहोत, मी हिशेबाच्या बाजूला, तो प्रशासनाच्या. माझं क्वार्टर आर. के. पुरमला. चाचा आमच्या कितीतरी आधी दिल्लीत आले, सरकारी नोकरीतूनच निवृत्त झाले आणि मुनिरक्याला लेकीच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्या घरात दखनी चालते, बाहेर हिंदी, आणि फुटबॉल फक्त मराठीत. आमच्या दोघांचंही तसंच. एरवी आम्ही ‘अच्छा’, ‘चलो’, ‘बिल्कुल’ करत बोलतो, पण मॅच सुरू झाली की जीभ पेठेत जाते.

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ तालमीचा असतो. ज्या तालमीच्या गल्लीत जन्मलो तिचा संघ आपला, त्यात निवड नसते. मी एका तालमीचा आणि मित्र तिच्या पक्क्या वैऱ्याचा. दोन्ही तालमी एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. चाचांची तालीम लहान. ती पहिल्या फेरीत हरते आणि मग चाचा उरलेल्या हंगामाचे पंच होतात.

हल्ली या मॅच इंटरनेटवर थेट दिसतात. पेठेतली पोरं गॅलरीत कॅमेरा लावतात आणि एक जण माईकवर बोलत राहतो. आम्ही रविवारी दुपारी एकदा माझ्याकडे, एकदा मित्राकडे जमून त्या मोठ्या टीव्हीवर लावतो. चाचांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे त्यांची पाळी नसते. ते पाळीच्या बदल्यात शेंगदाणे आणतात.

बघत असताना वाद चालतो तो बहुतेक एकाच गोष्टीवर: घरच्या मैदानाचा फायदा असतो की नाही. बाहेरच्या माणसाला हा वाद खुळ्यासारखा वाटेल, कारण कोल्हापुरात सगळ्या तालमींना खेळायला स्टेडियम एकच.

“ग्राउंड एकच, मग घरचं कुणाचं?” मी म्हणायचो.

“ज्याची गॅलरी भरलेली, त्याचं,” मित्र.

“मग तुमच्या गोलकीपरनं स्वतःच्या गॅलरीसमोर दोन खाल्ले तेव्हा गॅलरी काय जेवायला गेलती?”

“ऊन डोळ्यात होतं भावा त्याच्या.”

“आणि आमच्या कीपरला चांदणं होतं?”

त्याच्या तालमीने यंदा बाहेरून एक उंच स्ट्रायकर आणला होता. दूरच्या देशातला, पैसे देऊन आणलेला. त्याच्यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली.

“पगारावर आणलेला गडी पेठेचा कसा काय?” मी विचारलं.

“आपण पण पगारावरच दिल्लीत हाय न्हवं? मग आपण काय सरकारचे न्हाई?”

चाचा मध्ये पडले. “अरे, तो बिचारा सकाळी मिसळ खातो, गल्लीतल्या म्हातारीला आजी म्हणतो. अजून त्यानं काय करायचं? आधार कार्ड दाखवायचं?”

“रेफरी कुठल्या पेठेत राहतो ते आधी बघा,” मी म्हणालो. रेफरी कुठे राहतो हे मी दर मॅचला विचारतो. आजवर कुणी नीट उत्तर दिलेलं नाही, आणि ते का देत नाहीत हेही मला कळलेलं नाही.

डब्याची पद्धत मित्राने काढली. दर मॅचला तिघांनी शंभर-शंभर टाकायचे. प्रत्येकाला मॅचच्या प्रत्येक अर्ध्यात एकदाच ‘आता’ म्हणता येतं. ‘आता’ म्हटल्यावर दोन मिनिटांत गोल झाला तर एक गुण, नाही झाला तर काही नाही. कुणीही गोल करो, तालमीचा संबंध नाही. सेमीफायनलपर्यंत ज्याचे गुण जास्त त्याने डबा घ्यायचा आणि त्या पैशांनी कोल्हापूरला जाऊन फायनल प्रत्यक्ष बघायची. डब्यात तेवढेच पैसे साठतात, निजामुद्दीनहून थेट गाडीचं थर्ड एसीचं जाणं-येणं जेमतेम होईल इतके.

मला तो डबा हवा होता. का, ते सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं सगळं क्षुल्लक वाटेल.

आमचं कोल्हापुरातलं घर दोन वर्षांपूर्वी विकलं. वडील गेले, आई त्याआधीच गेली होती, भाऊ बंगलोरला. भाडेकरू ठेवा, कुलूप लावा, पावसाळ्यात कुणालातरी बघायला सांगा, हे दोघांनाही जमत नव्हतं. व्यवहार स्वच्छ झाला, माझा वाटा बँकेत आहे. पण त्यानंतर कोल्हापूरला जायला मला कारणच उरलं नाही. लग्न नाही, बारसं नाही, घरपट्टी नाही. मी विनाकारण पैसे खर्च करून कुठे गेलेलो नाही आणि आता या वयात सुरू करणं मला जड जातं.

बायको म्हणायची, “तिकीट काढून सरळ जाऊन या ना.”

“जाऊन काय करू?”

“बघून या.”

“काय बघू? दुसऱ्याच्या घराला लावलेला रंग?”

सरकार दर दोन वर्षांनी आपल्या गावी जायचं भाडं देतं. एलटीसी. त्यासाठी नोकरीत लागताना आपण ‘होम टाऊन’ म्हणून एक गाव लिहून देतो. मी कोल्हापूर लिहिलं होतं, तेव्हा तिथे घर होतं. घर विकल्यावर मी ते भाडं मागितलेलं नाही. ज्या गावात माझं घर नाही ते माझं घरचं गाव, असं सही करून सांगायला मला बरं वाटत नव्हतं. ऑफिसात कुणी विचारलं तर मी म्हणायचो, यंदा सुट्टी नाही.

डबा जिंकला असता तर प्रश्न मिटला असता. जिंकलेल्या पैशांनी, ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या दिवशी जायचं. कुणाला काही समजावायला नको, स्वतःलाही नको.

जानेवारी संपेपर्यंत मित्र आठ गुणांवर होता आणि मी सहावर. त्यात काही वावगं नाही. पण मी कोणता गुण कुणाच्या घरी मिळाला ते लक्षात ठेवतो, सवय आहे. मित्राच्या आठातले सात लक्ष्मीबाई नगरातले होते. माझ्याकडे, आर. के. पुरमला, तो ओळीने चुकायचा. तोच माणूस, त्याच दोन तालमी, तीच कॉमेंटरी. आणि स्वतःच्या घरात मात्र बॉल आपल्या अर्ध्यात लोळत असताना, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तो शेंगदाणे तोंडात टाकत म्हणायचा, “आता.” आणि गोल व्हायचा.

“हा बघ घरच्या मैदानाचा फायदा,” तो मला चिडवायचा. “कोल्हापुरात नसंल, लक्ष्मीबाई नगरात हाय.”

“कसा काय?”

“सोफा आपला, चहा आपला, डोकं थंड. खेळ दिसतो.”

मला ते पटलं नाही. सोफ्यावर मीही बसतो.

पहिला संशय फोनचा. इंटरनेटवरची मॅच खऱ्या मॅचच्या मागे असते, हे आम्हाला हंगामाच्या सुरुवातीलाच कळलं होतं. चाचांचा पुतण्या गॅलरीत होता, त्याने फोन करून “चाचा, गोल!” असं सांगितलं आणि आम्हाला तो गोल बराच वेळाने दिसला. तेव्हा सगळे हसलो होतो. पण नंतर मला वाटायला लागलं, की मित्राला कुणीतरी मेसेज करत असेल. मांडीवर फोन थरथरला की ‘आता’.

फेब्रुवारीत मी म्हणालो, “आजपासून फोन फ्रिजवर. तिघांचे.”

मित्राने आधी स्वतःचा फोन नेऊन फ्रिजवर ठेवला, वर एक नॅपकिनही घातला. “बास? खिसे पण उलटे करू?”

“फोन पुरे,” मी म्हणालो.

त्या दिवशी त्याने दोन्ही अर्ध्यांत बरोबर ‘आता’ म्हटलं. माझा एक लागला, तोही कॉर्नरवर, ज्यात कुणीही सांगितलं असतं. परत येताना स्कूटरवर चाचा मागून म्हणाले, “आता काय करणार? त्याच्या कानात बघणार?”

“चाचा, तुम्हाला विचित्र वाटत नाही?”

“मला विचित्र वाटतं ते हे, की मी चाळीस वर्षं मॅच बघतो आणि मला चार गुण. त्याचा विचार करतो मी.”

त्यानंतर मी बघायला लागलो, की तो त्याच्या घरी बसतो कुठे. तीन जणांचा सोफा रिकामा असला तरी तो स्वयंपाकघराच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, चहा सांगायला बरं पडतं. त्या खुर्चीवरून टीव्ही तिरका दिसतो. घरात उत्तम सोफा असताना माणूस मुद्दाम तिरक्या जागेवर बसतो, याला काहीतरी अर्थ असणार. आरसा? भिंतीवर आरसा नव्हता. खिडकी? शेजाऱ्याकडे टीव्ही? शेजारी पंजाबी आहेत, त्यांना आमच्या तालमींशी काय देणं?

माझ्या बायकोला मी हे सगळं सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाली, “पंधरा वर्षांची ओळख आहे. मुलांच्या तापात तो रात्रभर आपल्याबरोबर हॉस्पिटलमध्ये बसला होता.”

“म्हणून काय झालं? हिशेब वेगळा.”

“मग हिशेब करा. पण त्याला कळू देऊ नका की तुम्ही करताय.”

ते माझ्याच्याने झालं नव्हतं.

तर तो मार्चचा रविवार. सेमीफायनल, आणि समोरासमोर आमच्या दोघांच्या तालमी. गुण: मित्र दहा, मी नऊ. चाचा चार. मॅच सुरू व्हायच्या आधीच मी खुर्ची धरली.

“पाठ धरलीये,” मी म्हणालो. “सोफ्यात रुतायला होतं.”

“बस की,” मित्र म्हणाला आणि सोफ्यावर चाचांच्या शेजारी जाऊन बसला. तो नाराज दिसला नाही. त्याने विरोध केला असता तर मला बरं वाटलं असतं.

पहिल्या अर्ध्यात काही झालं नाही. त्याच्या तालमीच्या उंच स्ट्रायकरने एक बॉल बारवरून उडवला, तेव्हा मी म्हणालो, “मिसळ जास्त झाली.” मित्र म्हणाला, “तुमचा सेंटर हाफ बघ, रिक्षा थांब्यावर उभा राहिल्यासारखा उभाय.” आम्ही तिघांनी आपापला ‘आता’ वाया घालवला. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, एक्झॉस्ट फॅन चालू होता. वहिनी पोळ्या लाटत कुणाशी तरी बोलत होत्या. रविवारी त्या नेहमीच आईशी फोनवर बोलतात, हे मला माहीत होतं. त्यांचं माहेर स्टेडियमच्या मागच्या गल्लीत आहे, हेही माहीत होतं.

दुसऱ्या अर्ध्यात बॉल मधल्या रेषेपाशी होता. आमच्या तालमीचा डावीकडचा पोरगा बॉल घेऊन उभा होता, पास कुणाला द्यावा ते त्याला कळत नव्हतं. पुढे त्यांचे चार जण. काही होण्यासारखं नव्हतं. आणि मी म्हणालो, “आता.”

“हितनं?” मित्र हसला. “हाफलाइनवरनं? पाठीबरोबर डोळे पण गेले काय?”

पोराने बॉल उजवीकडे टाकला, तिथून पुढे, एक जण घसरून पडला, क्रॉस आला आणि आमच्या कप्तानाने डोकं लावलं. गोल. माईकवरचा पोरगा किंचाळला. मी खुर्चीवरून उठलो होतो. दहा-दहा. मला खरोखर वाटलं, की मला ते दिसलं होतं. त्या डावीकडच्या पोराच्या उभं राहण्यात काहीतरी होतं आणि ते मी हेरलं, असं मी सांगायलाही लागलो.

“बघितलंत, चाचा? त्यानं खांदा वळवला तेव्हाच...”

तेवढ्यात टीव्हीवर गॅलरीतली हलगी सुरू झाली. आणि माझ्या मनात आलं, की ही हलगी तर मी मघाशी ऐकली.

मी दारातून आत बघितलं. वहिनींचा फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला, स्पीकरवर. त्यातून त्यांच्या आईचा आवाज येत होता, “आगं, काय सांगू, कान फुटायची येळ आली. त्या मेल्यांनी आता आपल्या गच्चीवर रॉकेट टाकलं बघ. वाळवणाचे पापड हायत वर!”

“आई, तू आत हो आधी,” वहिनी म्हणाल्या.

मी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. “सगळे गप्प बसा. फक्त टीव्ही बघा.”

“आता काय?” मित्र.

“बघा म्हणतो ना.”

बराच वेळ काही नाही. खेळाडू परत मधल्या रेषेवर येत होते. मग गॅलरीच्या मागच्या कोपऱ्यातून एक रॉकेट निघालं, तिरकं झालं आणि पलीकडच्या घरांवर जाऊन पडलं.

“तुझ्या सासूच्या पापडांवर पडलं ते,” मी म्हणालो. “मघाशीच पडलं.”

चाचांना कळायला एक क्षण लागला. मग ते हसायला लागले आणि शेंगदाणा अडकून खोकायला लागले. मी त्यांना पाणी दिलं. मित्र हसत नव्हता. तो उठला, दारापाशी आला, फोनकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं.

वहिनी लाटणं घेऊन बाहेर आल्या. “काय झालं?”

“काही नाही,” चाचा डोळे पुसत म्हणाले. “तुमच्या आईसाहेब हंगामभर आमच्या टीव्हीच्या पुढे धावतायत.”

मी त्यांना समजावून सांगितलं. तिकडे गोल झाला की गॅलरी ओरडते, ते फोनवर लगेच येतं; टीव्हीवर तोच गोल मागाहून. त्या खुर्चीवर बसलेल्याला दोन्ही ऐकू येतं.

“म्हणजे हे महाशय माझ्या आईच्या फोनवर पैसे लावत होते?” त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. “आणि मला वाटायचं, मी काय बोलते ते ऐकायला दाराशी बसतात.”

“मला काही माहीत न्हवतं,” मित्र म्हणाला.

“तू नेहमी तिथेच बसायचास,” मी म्हणालो.

“चहा सांगायला.”

“इतक्या वेळा?”

“भावा, तूच आता बसलास की. तू म्हणालास ना ‘आता’? तुला कुणी सांगितलं? तू ऐकून म्हणालास की बघून?”

मी ऐकलं होतं आणि मला वाटलं होतं की मी बघितलं. त्याचंही तसंच झालं असेल. किंवा नसेल. मला झालं ते एकदा, त्याला हंगामभर.

तो सोफ्यावर जाऊन बसला. मला वाटलं होतं तो चिडेल, फ्रिजवरच्या फोनचं काढेल. त्याने ते काढलं नाही. थोड्या वेळाने तो चाचांना म्हणाला, “मला वाटायचं, मला खेळ कळायला लागलाय. एवढ्या वर्षांनी.”

टीव्हीचा आवाज कुणीच परत सुरू केला नाही. मॅच मुक्याने संपली, आमची तालीम एक-शून्य जिंकून फायनलला गेली. मला टाळी वाजवायचीही चोरी.

मग डब्याचा प्रश्न. मी म्हणालो, “न्यायानं बघायचं तर लक्ष्मीबाई नगरातले सगळे गुण रद्द करायला हवेत. माझा आजचाही. फक्त आर. के. पुरमचे धरायचे.”

“मग कुणाचे किती?” चाचांनी विचारलं.

“याचे एक. तुमचे दोन.”

“आणि तुझे?”

“सहा.”

वहिनी म्हणाल्या, “हिशेब छान आहे, भावोजी.”

हिशेबात चूक नव्हती, आजही मी तो तसाच मांडेन. पण तो मांडणारा मी होतो, आणि डबा माझ्याकडे येत होता. दुसऱ्या कुणी असा हिशेब माझ्यासमोर ठेवला असता तर मी आधी तोच प्रश्न विचारला असता जो वहिनींनी न विचारता विचारला.

“मी घेत नाही,” मी म्हणालो. “माझं नाव काढा.”

“मी पण घेत न्हाई,” मित्र म्हणाला. “उद्या कुणीतरी म्हणंल, चोरून जिंकला.”

“मी तर घेऊच शकत नाही, चार गुणवाला,” चाचा म्हणाले. “चलो, मग विचार करू. पैसे अंदाजाचे, न? अंदाज कुणाचे होते? ना याचे, ना त्याचे. अंदाज यांच्या आईंचे.” त्यांनी स्वयंपाकघराकडे हात केला. “आणि फोन यांचा. मी पंच आहे. डबा वहिनींचा.”

“फोनचं बिल पण मीच भरते,” वहिनी म्हणाल्या. त्या थट्टा करत असतील असं मला आधी वाटलं. पण त्यांनी लाटणं टेबलावर ठेवलं, हात पुसले. “दीड वर्ष झालं मी गेले नाही. दर वेळी काहीतरी निघतं. मला गॅलरीत बसायचं नाही, मॅच बघायची नाही. आईकडे जायचंय. चालेल?”

“नियमात फायनल बघायला जायचं असं आहे,” मी म्हणालो.

“आईच्या गच्चीवरून अर्धं ग्राउंड दिसतं. अर्धी बघेन.”

चाचा म्हणाले, “मंजूर.”

निघताना मित्र जिन्यापर्यंत आला. एरवी तो खाली स्कूटरपर्यंत येतो. “तुझी तालीम फायनलला हाय. तू जाणार न्हाईस?”

“डबा नाही मिळाला.”

“डबा न्हाई मिळाला म्हणून जाणार न्हाईस?” त्याने मान हलवली. “भावा, तुला जायचं हाय हे मला पहिल्या मॅचपासून माहीत हाय. मी ‘आता’ म्हणलो की तुझं तोंड बघायचो मी.”

“मग हरायचं होतंस मुद्दाम.”

“हरलो असतो. पण मला वाटत होतं मला खेळ कळतोय.”

तो हे खरं बोलत होता की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. ज्याला माझं तोंड बघायला फुरसत होती, त्याला फोनवरची हलगी ऐकायलाही असणार. पण त्याचं तोंड मीही बघितलं, सोफ्यावर बसताना, आणि ते तोंड चोराचं नव्हतं.

स्कूटरवर चाचा सिग्नलला म्हणाले, “एलटीसी घे ना. भाडं सरकार देईल.”

“घर नाही तिथे.”

“मी आयुष्यभर हीच बिलं तपासली, बेटा. होम टाऊन म्हणजे घराचा उतारा नव्हे. सर्व्हिस बुकात गावाचं नाव असतं, घराचा नंबर नसतो. कुणी तुला विचारणार नाही.”

“कुणी विचारणार नाही म्हणूनच नको.”

“मग नियम वाच आणि खात्री कर.”

मी म्हणालो, वाचतो. मी वाचला नाही. वाचला असता आणि चाचा चुकीचे निघाले असते, तर जायचं राहिलं असतं. बरोबर निघाले असते तरी ऑफिसात अर्ज करून, मंजुरी घेऊन, पावत्या जोडून कोल्हापूरला जावं असं मला वाटेना. घरी आल्यावर बायकोला एवढंच सांगितलं, की फायनल आहे आणि मी जातोय. तिने कारण विचारलं नाही. सुट्टीच्या अर्जात मी ‘वैयक्तिक’ लिहिलं.

फायनलला मी आमच्या गॅलरीत बसलो. ग्राउंड टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा लहान आहे आणि गवत कमी. ऊन खरंच दुसऱ्या अर्ध्यात एका कीपरच्या डोळ्यात जातं. ते मी नीट बघून घेतलं. शेजारच्या माणसाला विचारलं रेफरी कुठला, तो म्हणाला, “काय की.” आमची तालीम दोन-एक हरली. तिन्ही वेळा गोल व्हायच्या आधी मला काही कळलं नाही. आमचा एक गोल झाला तेव्हा मागे हलगी वाजली, रॉकेट उडालं. ते वहिनींच्या आईच्या गच्चीच्या बाजूला गेलं का, हे मी वळून बघितलं, पण पलीकडे पडलं असावं. घराकडे गेलो नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, चहा घेतला, परत आलो.

डब्यातले चार हजार दोनशे वहिनींना दिले; त्यांनी माझ्यासमोर ते पुन्हा मोजले. माझ्या जाण्यायेण्याच्या तिकिटांचे चार हजार तीनशे दहा रेल्वेला, माझ्या खात्यातून. सरकारकडे त्यातलं काही मागितलं नाही. आणि दोन रात्रींचे सोळाशे, स्टँडजवळच्या लॉजवाल्याला, ज्याने आधी पत्ता विचारला आणि मग पैसे आगाऊ मागितले.